दिवेआगरला कासवं आणि पर्यटक एकाच हंगामात येतात, मग दोघांचं जमतं कसं?

दिवेआगरला सगळ्यात जास्त गर्दी कधी असते? नाताळची सुट्टी, थर्टी फर्स्ट, २६ जानेवारीला जोडून आलेला शनिवार-रविवार आणि मग होळी. मुंबई-पुण्याच्या गाड्या माणगाव, म्हसळा करत रांगेने येतात, होमस्टे भरतात आणि किनाऱ्यावर रात्री उशिरापर्यंत माणसं असतात.

नेमक्या याच महिन्यांत, रात्रीच्या अंधारात, समुद्रातून आणखी कुणीतरी त्याच वाळूवर येतं. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी. तिला तासभर शांतता आणि अंधार हवा असतो. अंडी घालून ती परत जाते आणि पुढचे जवळपास पन्नास दिवस ती अंडी त्या वाळूत असतात.

म्हणजे कोकण किनाऱ्यावर कासवांचा हंगाम आणि पर्यटनाचा हंगाम एकच आहे, साधारण नोव्हेंबर ते मार्च. कासवं पावसाळ्यात आली असती, तर बहुतेक भांडणं झालीच नसती.

रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन तालुक्यातले दिवेआगर, श्रीवर्धन, मारळ आणि हरिहरेश्वर हे किनारे कासवांच्या विणीसाठी ओळखले जातात. त्यातला दिवेआगरचा किनारा जवळपास चार किलोमीटर लांब, सपाट आणि मऊ वाळूचा. कासवाला तो आवडतो त्याच कारणांसाठी तो पर्यटकांनाही आवडतो.

आधी हे कासव समजून घेऊ

ऑलिव्ह रिडले हे समुद्री कासवांमधलं आकाराने लहान कासव. पाठ ऑलिव्हच्या फळासारखी हिरवट-करडी, म्हणून हे नाव. सगळं आयुष्य समुद्रात जातं. जमिनीवर येते ती फक्त मादी, आणि तीही फक्त अंडी घालायला. नर पिल्लू एकदा समुद्रात गेलं की साधारणपणे पुन्हा कधीच किनाऱ्यावर येत नाही.

मादी भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या पायांनी सुरईच्या आकाराचा, सुमारे दीड फूट खोल खड्डा खणते आणि त्यात साधारण शंभर ते दीडशे अंडी घालते. मग खड्डा बुजवून, अंगाने वाळू थापटून निघून जाते. पिल्लांची वाट बघायला ती थांबत नाही.

ओडिशाच्या किनाऱ्यावर हीच कासवं लाखोंच्या संख्येने एकदम येतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये ऋषिकुल्या नदीच्या मुखाजवळ साडेसहा लाखांहून जास्त माद्यांनी अंडी घातल्याची नोंद झाली. कोकणात तसं होत नाही. इथे एका रात्री एक, कधी दोन, कधी एकही नाही. त्यामुळे इथलं संवर्धनही वेगळं असतं. एकेक घरटं शोधावं लागतं.

ते शोधायचं कसं? मादीच्या पायांचा माग वाळूवर उमटतो, ट्रॅक्टरच्या चाकासारखा. पहाटे, भरतीच्या पाण्याने किंवा जॉगिंगला आलेल्या माणसांनी तो पुसून टाकण्याआधी किनारा चालून काढायचा. हे काम करणाऱ्या गावकऱ्यांना कोकणात ‘कासवमित्र’ म्हणतात. वनविभाग हंगामापुरतं त्यांना मानधन देतो. थंडीत रोज पहाटे उठून चार किलोमीटर वाळू तुडवणं हे रीलमध्ये दिसतं तितकं रोमँटिक नसतं.

कासवं परत आली म्हणजे नेमकं काय झालं?

पूर्वीही ती येतच होती. पण अंडी टिकत नव्हती. रात्री मादी गेली की सकाळपर्यंत घरटं उकरलेलं असायचं. काही कुत्र्या-कोल्ह्यांनी, बरीचशी माणसांनी. अंडी खाल्ली जायची, विकली जायची. गंमत अशी की याच गावांमधल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं आणि लोक त्याला हात लावून नमस्कार करूनच पुढे जातात.

बदल सुरू झाला तो बाणकोटच्या खाडीपलीकडे, रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात. (गुगल मॅपवर जपून! दिवेआगरच्या शेजारीही वेळास नावाचा किनारा आहे. कासव महोत्सवाचं वेळास ते नव्हे.) चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्रगरुडांच्या पाहणीसाठी किनारे फिरत होते. तेव्हा त्यांना वेळासला कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. २००२ पासून तिथे घरटी राखायला सुरुवात झाली आणि २००६ पासून कासव महोत्सव. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येऊ लागले, त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय गावातल्या घरांतच झाली आणि अंडी विकण्यापेक्षा अंडी राखण्यात जास्त पैसे आहेत हे दिसून आलं. हेच काम मग वनविभागाच्या मदतीने रायगडपासून सिंधुदुर्गपर्यंतच्या किनाऱ्यांवर पसरलं.

कायदा आधीपासून होताच. ऑलिव्ह रिडले हे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच याला. अंडी चोरली तर तीन ते सात वर्षं कैद होऊ शकते. पण पहाटे चार वाजता रिकाम्या किनाऱ्यावर कायदा राखायला कोण येणार? ते गावानेच ठरवावं लागतं.

याच विषयाच्या अवतीभवती फिरणारा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ हा मराठी चित्रपट आठवत असेल. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं होतं.

हॅचरीत काय करतात?

घरटं सापडलं की दोन पर्याय असतात. जागा सुरक्षित असेल तर तिथेच जाळी लावून राखायचं. नसेल तर अंडी काढून किनाऱ्यावरच्याच कुंपण घातलेल्या जागेत, म्हणजे हॅचरीत, हलवायची.

हलवण्याचं काम घाईचं आणि नाजूक. अंडी घातल्यावर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं गोल फिरलं किंवा हिसका बसला तर गर्भ मरतो. म्हणून घरटं सकाळी लवकर सापडायला हवं, अंडं जसं आहे तसंच उचलायला हवं आणि मूळ खड्ड्याइतक्याच खोलीचा, त्याच आकाराचा खड्डा खणून त्यात ठेवायला हवं. दुपारी कुणाला तरी घरटं दिसलं आणि हौसेने त्याने अंडी पिशवीत भरून आणून दिली, तर ती वाचवली असं म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट तापमानाची. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. साधारण २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही होतात, त्याच्या खाली नर जास्त आणि वर माद्या जास्त. वाळू फारच तापली तर अंडी उबण्याआधीच खराब होतात. म्हणजे हॅचरी कुठे बांधली आणि वर सावलीची जाळी लावली की नाही, यावर पुढच्या पिढीत नर किती असतील हे ठरतं. हवामान तापत चाललं आहे, त्यात मार्च-एप्रिलच्या घरट्यांसाठी हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे.

पंचेचाळीस ते साठ दिवसांनी घरट्यावरची वाळू थोडी खचते. आत पिल्लं फुटून वर सरकू लागल्याची ही खूण. मग त्यावर टोपली ठेवतात आणि बाहेर आलेली पिल्लं पहाटे किंवा संध्याकाळी पाण्यापासून काही अंतरावर सोडतात. थेट पाण्यात नाही. ती वाळूवर स्वतः चालत जाणं गरजेचं मानलं जातं, कारण मोठी झाल्यावर माद्या आपण जन्मलो त्याच भागात परत येतात आणि त्या जागेची ओळख याच सुरुवातीच्या काळात होते असं शास्त्रज्ञांना वाटतं.

इथे पर्यटनाचा पहिला धक्का बसतो. पिल्लाच्या पोटात अंड्यातल्या बलकाची थोडी शिदोरी उरलेली असते. त्या बळावर ते पहिले एक-दोन दिवस न थांबता पोहतं आणि किनाऱ्याजवळच्या शिकारी माशांपासून लांब जातं. पहाटे बाहेर आलेलं पिल्लू ‘पाहुणे नाश्ता करून येतायत, थांबा जरा’ म्हणत टबात ठेवलं, तर ती शिदोरी टबात हातपाय मारण्यातच संपते. पिल्लं सोडण्याची वेळ पिल्लांनी ठरवायची असते.

वेळासला जमलं ते दिवेआगरला तसंच का जमणार नाही?

वेळासचं उदाहरण सगळीकडे दिलं जातं, पण दोन्ही गावांत एक मोठा फरक आहे. वेळासला पर्यटक आले ते कासवांमुळे. आधी तिथे हॉटेलं नव्हती, त्यामुळे बंद करायला दिवेही नव्हते. पाहुणा आला तोच मुळी कासवासाठी, त्यामुळे त्याला ‘रात्री किनाऱ्यावर जायचं नाही’ असं सांगणं सोपं होतं.

दिवेआगरची गोष्ट उलटी आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, केवड्याची बनं, रूपनारायणाचं देऊळ आणि १९९७ मध्ये सापडलेला सुवर्ण गणेश यांमुळे इथे पर्यटन आधीच आलेलं होतं. २०१२ मध्ये ती मूर्ती चोरीला गेली तरी किनाऱ्याची ओढ कायम राहिली. मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्याच पट्ट्यात जमिनीवर आलं आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुपारीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. पोफळ नव्याने लावली तर उत्पन्न सुरू व्हायला बरीच वर्षं जातात. तोपर्यंत घर चालवायचं कशावर? पर्यटनावर. त्यामुळे ‘कासवांसाठी पर्यटन आवरा’ असं शहरात बसून म्हणणं सोपं असलं, तरी ज्याची बाग गेली त्याला ते कसं ऐकू जात असेल याचाही विचार करायला हवा.

म्हणून दिवेआगरमध्ये प्रश्न ‘पर्यटन की कासवं’ असा नाही. चार किलोमीटरच्या किनाऱ्यावर कुठे, किती वाजता, काय करायचं नाही, एवढाच आहे. आणि ती यादी खरं तर छोटी आहे.

उजेड. अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू जिकडे क्षितिज उजळ तिकडे चालतं. लाखो वर्षं ती उजळ बाजू समुद्राचीच होती, कारण जमिनीकडे झाडांची काळी रेघ असायची. आता जमिनीच्या बाजूला हॅलोजन आहे, स्टॉलचे एलईडी आहेत. पिल्लू तिकडे वळतं आणि सकाळी कुत्र्यांना, कावळ्यांना किंवा उन्हाला सापडतं. मोठी मादीही उजेड आणि हालचाल दिसली तर अंडी न घालताच परत फिरते. उपाय अगदी स्वस्त आहे: समुद्राकडे तोंड असलेले दिवे रात्री बंद, नाहीतर खाली वळवलेले आणि झाकलेले.

गाड्या. दिवेआगरच्या सपाट किनाऱ्यावर गाडी घालायचा मोह अनेकांना होतो. मग गाडी वाळूत रुतते, भरती येते आणि व्हिडिओ व्हायरल होतो. लोक हसतात. पण चाकाखाली वाळू घट्ट दाबली जाते आणि आतली पिल्लं वर येऊ शकत नाहीत. चाकोरी नुसती वीतभर खोल असली तरी पिल्लासाठी ती दरी असते. त्यात पडलं की ते समुद्राऐवजी किनाऱ्याला समांतर चालत राहतं. घोडागाडी आणि एटीव्हीलाही हेच लागू.

कुत्री. हा मुद्दा नाजूक आहे, पण टाळता येत नाही. पर्यटक वाढले की उष्टं-खरकटं वाढतं, उष्टं वाढलं की कुत्री वाढतात आणि कुत्र्याचं नाक कासवाचं घरटं कासवमित्राच्या आधी शोधतं. किनाऱ्यावरचा कचरा हा फक्त सौंदर्याचा विषय नाही तो यामुळे.

झाडं. इथे उत्तर सरळ नाही. किनाऱ्यालगतची सुरूची झाडं वारा अडवतात, गावाचा उजेड अडवतात आणि सावली देतात. पण ती भरतीच्या रेषेच्या फार जवळ लावली, तर मुळं आणि सुयांसारख्या पानांचा थर वाळू व्यापतो आणि मादीला खणायला जागाच उरत नाही. धूप थांबवायला घातलेल्या दगडी बंधाऱ्यांचंही तसंच. गावाला संरक्षण, कासवासमोर भिंत. कुठल्या टप्प्यात काय हे जागा बघूनच ठरवावं लागतं.

समुद्रातला खर्च कोण सोसतो?

कासव किनाऱ्यावर काही मिनिटं असतं, बाकी वेळ समुद्रात. तिथे त्याची गाठ पडते मच्छीमारांशी. दिवेआगरजवळच्या भरडखोलसारख्या कोळी गावांसाठी जाळं म्हणजे भांडवल. कासव जाळ्यात अडकलं तर ते श्वास घ्यायला वर येऊ शकत नाही आणि बुडून मरतं. ते सोडवायचं तर अनेकदा जाळं कापावं लागतं.

राज्य सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये यासाठी एक योजना आणली. संरक्षित समुद्री जीव सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. फोटो-व्हिडिओचा पुरावा द्यावा लागतो. कासवाच्या चर्चेत होमस्टेचे फोटो फार दिसतात, ही योजना कमी दिसते. खरं तर एक मोठी, अंडी देणारी मादी वाचणं हे शेकडो पिल्लं सोडण्याइतकं मोलाचं आहे, कारण पिल्लांपैकी अगदी मोजकीच मोठी होतात.

ट्रॉलर जाळ्यांना कासव बाहेर पडण्यासाठी ‘टेड’ नावाची जाळीदार झडप बसवता येते. भारतीय जाळ्यांसाठीचं तिचं रूप कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलं आहे. ती झडप न वापरल्याच्या कारणावरून अमेरिकेने २०१९ पासून भारतातल्या समुद्रातून पकडलेल्या कोळंबीची आयात थांबवली. म्हणजे कासवाचा प्रश्न थेट कोळंबीच्या भावापर्यंत जातो.

इंग्लंडमधलं एक उदाहरण

प्राणी परतला की आनंद सगळ्यांना होतो, त्रास मात्र काही जणांनाच होतो. हे जगभर दिसतं. ब्रिटनमधून बीव्हर हा नदीकाठी लाकडांचे बांध घालणारा प्राणी सुमारे चारशे वर्षांपूर्वी शिकारीमुळे संपला होता. डेव्हन परगण्यातल्या ‘ऑटर’ नावाच्या नदीत काही बीव्हर पुन्हा राहू लागले, तेव्हा सरकार त्यांना हलवायला निघालं होतं. स्थानिकांनी विरोध केला, २०१५ पासून पाच वर्षं प्रयोग म्हणून त्यांना राहू दिलं आणि २०२० मध्ये कायमची परवानगी मिळाली. त्यांच्या बांधांमुळे खालच्या गावांना पुराचा धोका कमी झाला, पण बांधाच्या वरच्या बाजूच्या शेतात पाणी साचलं. फायदा एका गावाला, तोटा दुसऱ्याच शेतकऱ्याला. तिथे मग पाणी वाहून नेणारे पाइप टाकणं, झाडांना जाळी गुंडाळणं, शेतकऱ्याच्या फोनला लगेच उत्तर देणारा माणूस नेमणं अशी साधी कामं करावी लागली.

इतकं लांब जायचं नसेल तर दिवेआगरच्या शेजारच्याच म्हसळा तालुक्यात चिरगाव आहे. देशभर गिधाडं नाहीशी होत असताना तिथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची वसाहत टिकली, ती महाडच्या ‘सीस्केप’ संस्थेचे प्रेमसागर मेस्त्री आणि गावकरी यांच्यामुळे. मेलेलं जनावर पुरण्याऐवजी गिधाडांसाठी ठेवायचं आणि घरट्यांची झाडं तोडायची नाहीत, एवढं गावाने मान्य केलं.

ही कासवं ‘आपली’ आहेत का?

जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान आणि भारतीय वन्यजीव संस्था यांनी कोकणातल्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर लावले. पहिली वेळासची, म्हणून तिचं नाव ‘प्रथमा’. मग सावनी, रेवा, वनश्री, लक्ष्मी. पुढच्या वर्षी गुहागरच्या ‘बागेश्री’ने श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालचा उपसागर गाठला. आणि जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर ०३२३३ या क्रमांकाचा टॅग सापडला. तो मार्च २०२१ मध्ये ओडिशात लावलेला होता. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी असं मानलं जायचं, त्याला या मादीने तडा दिला. ओडिशात जाळ्यात अडकणारं कासव उद्या दिवेआगरला येणारंही असू शकतं.

मुंबईतही हे घडलं आहे. वर्सोव्याचा किनारा अनेक महिने साफ केल्यावर मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडलेची पिल्लं दिसली, जवळपास दोन दशकांनी.

किनाऱ्यावर कासव दिसलं तर?

मादी वर येताना दिसली तर आहात तिथेच थांबा, टॉर्च बंद करा, फ्लॅश नको. ती अंडी घालत असेल तर समोर जाऊ नका. माग किंवा घरटं दिसलं तर खणू नका, जवळ काहीतरी खूण ठेवा आणि गावातल्या कासवमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. नेमकी जागा लगेच इन्स्टाग्रामवर टाकू नका. अशक्त किंवा जखमी कासव सापडलं तर त्याला उचलून परत पाण्यात ढकलू नका. ते विश्रांतीसाठी किंवा आजारी असल्यामुळेच बाहेर आलेलं असतं.

पुढची मोठी गोष्ट रस्त्याची आहे. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गावर कोकणातल्या खाड्यांवर पूल बांधले जात आहेत. आज मुरुडकडून दिवेआगरला यायचं तर आगरदांडा-दिघी फेरीबोट पकडावी लागते किंवा लांबचा वळसा घ्यावा लागतो. पूल झाला की तो वेळ वाचेल आणि शनिवारच्या गाड्या वाढतील. स्थानिकांना तो रस्ता हवा आहे, आजारी माणसाला वेळेत दवाखान्यात न्यायचं तर तो हवाच. पण पूल सुरू होण्याआधी किनाऱ्यावर गाड्या अडवणारे खांब, दिव्यांच्या वेळा आणि हॅचरीची राखीव जागा हे ग्रामपंचायत आणि वनविभागाने मिळून ठरवलं, तर ते अगदी थोड्या खर्चात होईल. नंतर तेच करायचं म्हणजे आधीच उभे राहिलेले स्टॉल हलवावे लागतील, आणि ते कुठल्याही गावात सोपं नसतं.